तबकडीवरचा चेहरा



गाणे कानाने ऐकायचे, हे खरे. पण गायक मनात ठसतो तो पुष्कळदा डोळ्यांमुळे. एलपी रेकॉर्डचे कव्हर म्हणजे १२ इंची चौकोन. गिऱ्हाईक आधी तो पाहणार, मग खिशात हात घालणार. त्या चौकोनात कोणाला बसवायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, हा म्हणूनच साधा प्रश्न नव्हता. अमेरिकेतल्या काळ्या कलावंतांचा इतिहास पाहिला म्हणजे हे नीट कळते.

बेरी गॉर्डी हा डेट्रॉइट शहरातला मोटार कारखान्यात राबलेला काळा तरुण. १९५९ साली त्याने गाण्यांची कंपनी काढली. तीच पुढे मोटाउन म्हणून गाजली. मालक काळा, गायकही काळे. पण १९६१ साली मार्व्हलेट्स या मुलींचा 'प्लीज मिस्टर पोस्टमन' हा अल्बम निघाला, तेव्हा कव्हरवर मुली नव्हत्याच. तिथे होती एक टपालपेटी! १९६६ साली आयस्ली ब्रदर्सच्या 'धिस ओल्ड हार्ट ऑफ माइन'च्या कव्हरवर समुद्रकिनारी बसलेले गोरे जोडपे छापले. गोरे दुकानदार काळा चेहरा दुकानात मांडणार नाहीत, ही धास्ती त्यामागे होती. ज्यांच्या गळ्यावर माल विकायचा, त्यांनीच मालावर दिसायचे नाही, असा हा न्याय!

जाझ वादक माइल्स डेव्हिसने मात्र हे ऐकून घेतले नाही. १९५७ साली त्याच्या 'माइल्स अहेड'वर शिडाच्या होडीतली गोरी बाई छापली गेली. त्याने हरकत घेतली आणि पुढे त्या जागी त्याचाच फोटो आला. १९६१ सालच्या 'समडे माय प्रिन्स विल कम'च्या कव्हरवर तर त्याची पत्नी फ्रान्सिस टेलर झळकली. काळ्या स्त्रीचे सौंदर्य कव्हरवर मानाने मांडले गेले.

या वाटेवरूनच मायकेल जॅक्सन पुढे आला. गॅरी या पोलादाच्या गावातल्या क्रेन चालवणाऱ्या कामगाराचा हा मुलगा. १९७९ सालच्या 'ऑफ द वॉल'वर तो विटांच्या भिंतीपुढे रुबाबदार काळ्या सुटात उभा आहे, पायांत चमकणारे पांढरे मोजे. भावांबरोबर गाणारे पोर आता मोठे झाले, हे त्या एका चित्राने सांगितले. १९८२ सालच्या 'थ्रिलर'वर तो पांढऱ्या सुटात ऐटीत पहुडला आहे. हा सूट छायाचित्रकार डिक झिमरमन यांचा स्वतःचा होता! उसन्या कपड्यातला तो फोटो जगातल्या सर्वांत जास्त खपलेल्या अल्बमची ओळख झाला. आता काळा चेहरा लपवण्याची गरज उरली नव्हती. तो चेहरा पाहूनच लोक रेकॉर्ड घेत होते.

पण चित्र जसे उभे करते, तसे फसवतेही. १९८७ सालच्या 'बॅड'वर त्याचा रंग उजळ दिसला आणि "याला काळे असण्याची लाज वाटते" असे लोक बोलू लागले. आपल्याला कोड असल्याचे त्याने १९९३ साली मुलाखतीत सांगितले, तरी अनेकांना पटले नाही. २००९ साली तो वारला, तेव्हा शवविच्छेदनात कोड असल्याचे सिद्ध झाले. आपल्या वस्तीतही कोड असलेल्या मुलीकडे पाहून लोक असाच झटपट निकाल देतात, नाही का?

१९९६ च्या नोव्हेंबरात तो मुंबईत अंधेरीला गायला, तेव्हा त्याची चित्रे गल्लीबोळांत पोचली होती. आज कॅसेटचा जमाना सरला. कव्हर मोबाईलवर नखाएवढे उरले आहे. पण त्याचे काम तेच आहे. म्हणून माता-पित्यांना सांगणे एवढेच की, मुले आवडत्या गायकाचे चित्र दाखवतील तेव्हा त्यांना रागावू नका. शेजारी बसा आणि विचारा : हे चित्र तुला काय सांगू पाहते? त्यात कोण आहे? आणि ज्याने खरे कष्ट केले, तो त्यात दिसतो का? असे विचारायची सवय लागली, तर मूल गाणे मजेने ऐकेल आणि चित्राला फसणारही नाही.