शेडनेट दोनच उन्हाळ्यांत का फाटतं? रंग नव्हे, प्लास्टिक पाहा

शिरोळ, हातकणंगले तालुक्यांत उसाची आणि भाजीपाल्याची रोपं शेडनेटखाली वाढतात. या शेडनेट हाउसला सरकारचं ५० टक्के अनुदान मिळतं, उरलेला पैसा शेतकऱ्याचा किंवा बँकेचा. पण दुकानात गेल्यावर विचारलं जातं ते एवढंच: हिरवं की पांढरं? ५० टक्के की ७५ टक्के सावली?

खरा प्रश्न जाळी कशाची बनली आहे, हा आहे.

शेडनेट बहुतेक वेळा एचडीपीईचं असतं. ते पाणी शोषत नाही, स्वस्तही आहे. पॉलिप्रॉपिलीन त्याहून हलकं, पण उन्हापुढे लवकर हार मानतं. नायलॉन ताकदीचं आणि ताणलं जाणारं. मात्र ते पाणी शोषतं आणि कोल्हापूरच्या लांबलेल्या पावसात सैल पडतं. तुकडा पाण्यात दाबून, बुडबुडे काढून सोडा. नायलॉन बुडतं, बाकी दोन्ही तरंगतात.

पण नुसतं एचडीपीईही उन्हात टिकत नाही. अतिनील किरणांनी त्याच्या साखळ्या तुटतात आणि धागा हाताने चुरला जातो. काळ्या जाळीत कार्बन ब्लॅक हे किरण अडवतो. हिरव्या-पांढऱ्या जाळीची भिस्त मुख्यतः ‘हाल्स’ नावाच्या रसायनांवर असते.

इथेच गोम आहे. भुरी रोगासाठी आपण गंधक मारतो आणि गंधक हाल्सला निकामी करतं. म्हणजे चांगली, महाग जाळीसुद्धा औषधामुळे लवकर जाऊ शकते. गुलाब किंवा ढोबळी मिरची घेणाऱ्यांनी खरेदीआधीच ‘गंधक चालेल का?’ हे विचारून वॉरंटीत लिहून घ्यावं. बिलावर जीएसएम आणि भारतीय मानक आयएस १६००८ चा उल्लेखही मागावा. तोंडी ‘यूव्ही आहे साहेब’ याला अर्थ नाही.

शहरात हीच गफलत जिवावर बेतू शकते. बांधकामाच्या परातीला बांधलेली हिरवी जाळी धूळ आणि बारीक खडी अडवते, माणूस नाही. पडणाऱ्याला झेलायला झटका पचवणारी, नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या दोरांची जाळी लागते. तिचं मानक वेगळं आहे: आयएस ११०५७. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत शेडच्या छतावर माणूस चढवण्याआधी खाली कोणती जाळी बांधली आहे, हे ठेकेदाराला विचारा.