विश्लेषण : रॅम महागली; घरी संगणक जोडताना नवखे कुठे चुकतात?

सुटे भाग आणून घरीच डेस्कटॉप संगणक जोडण्याची हौस महाराष्ट्रातल्या तरुणांना नवी नाही. मुंबईतील लॅमिंग्टन रोडवर सुट्टीच्या दिवसांत यादी हातात घेऊन फिरणारे विद्यार्थी हमखास दिसतात. मात्र २०२५च्या उत्तरार्धात डीडीआर५ रॅमचे दर काही महिन्यांतच दुपटीहून अधिक वाढले. एरवी किरकोळ ठरणारी खरेदीतली चूक त्यामुळे आता चांगलीच महागात पडते.

रॅम का महागली?

जगातील बहुतांश मेमरी चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआय डेटा सेंटरसाठी लागणाऱ्या मेमरीत नफा अधिक असल्याने कारखान्यांची क्षमता तिकडे वळली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये ‘क्रुशियल’ या नावाने होणारी रॅम आणि एसएसडीची ग्राहक बाजारातील विक्री थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने जुना संगणक बदलू पाहणारेही याच काळात बाजारात आले.

सर्वांत महागडी चूक कोणती?

न जुळणारे भाग घेणे. जुन्या संगणकातील डीडीआर४ रॅम वापरून पैसे वाचवू, असा हिशेब अनेक जण करतात आणि एएमडीचा एएम५ सॉकेटचा बोर्ड घेऊन येतात. त्यावर फक्त डीडीआर५ चालते. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे जोर लावूनही रॅम बसत नाही. उलट स्लॉट तुटतो. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या प्रोसेसरना दोन्ही प्रकार चालतात, पण बोर्ड बहुतेकदा एकाच प्रकारचा असतो. तेव्हा प्रोसेसर नव्हे, बोर्डचे पूर्ण नाव पाहून रॅम घ्यायची.

आता एक पट्टी, पुढे दुसरी, हा विचार सध्याच्या दरात समजण्यासारखा आहे. अभ्यास आणि कार्यालयीन कामाला ते चालून जाते. मात्र वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्र रॅमच्याच बळावर उमटते आणि एका पट्टीवर खेळ अडखळतात. शिवाय नंतर घेतलेली पट्टी पहिलीशी जुळेलच असे नाही. दोन पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवतात.

एसएमपीएसवर काटकसर का नको?

कारण तो बिघडला तर इतर भागही सोबत नेऊ शकतो. ‘८० प्लस’चा शिक्का विजेची कार्यक्षमता सांगतो, सुरक्षिततेची हमी देत नाही. जुन्या एसएमपीएसच्या सुट्या केबल नव्याला लावणे ही तर घातक चूक. टोक सारखे दिसले तरी आतल्या तारांचा क्रम कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक बदलतो; हार्ड डिस्क जळायला तेवढे पुरते. आणि घरातल्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून आधीच तपासून घेतलेले बरे. जुन्या इमारतींत तीन भोकांचा सॉकेट असतो, तिसऱ्या भोकामागे तार मात्र नसते!

हात कुठे चुकतो?

इंटेलच्या आणि एएम५ बोर्डांवर सॉकेटमधल्या पिना केसासारख्या नाजूक असतात. त्या वाकल्या तर वॉरंटी सहसा मिळत नाही. कूलरच्या तळाचे प्लास्टिक काढायचे राहून जाणे, मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी बोर्डला लावणे, हेही नेहमीचेच. इंटेलच्या ‘एफ’ अक्षराने संपणाऱ्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते. तिथे बोर्डला केबल लावली की पडदा काळाच राहतो.

पडदा काळा म्हणजे बिघाडच?

नाही. डीडीआर५ असलेला संगणक, विशेषतः एएम५चा, पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी जुळवून घेतो आणि त्यात कधी काही मिनिटे जातात. नवखे घाबरून बटण बंद करतात, सगळे उघडतात आणि या गडबडीत चांगला भाग खराब करतात. दहा-पंधरा मिनिटे थांबूनही काही दिसले नाही, तर आधी एकच पट्टी ठेवून पाहावे. तरीही यश आले नाही, तर सिरियल क्रमांक लिहिलेले पक्के बिल घेऊन दुकान गाठावे. बिलाशिवाय स्वस्तात घेतलेल्या रॅमची अडचण इथेच कळते.