घरचे वाहन : जुन्या स्कूटरचा ब्रेक-पाइप



१९७२ पासून बनलेल्या जुन्या बजाज चेतकचे मूळ ब्रेक तारेवर चालतात. मढसारख्या समुद्रकाठच्या गावात खाऱ्या हवेने लोखंडाला गंज लवकर चढतो, म्हणून तार वरचेवर तपासावी. काहीजण अशा जुन्या गाडीला पुढे तेलाचा डिस्क ब्रेक बसवून घेतात. त्यांनी पाइपाकडे विशेष लक्ष द्यावे. तो फुटला की पुढचा ब्रेक एका क्षणात जातो.

पाइप ब्रेकसाठीच बनवलेला व दोन्ही टोके कारखान्यात दाबून बसवलेला घ्यावा. फवारणी पंपाची किंवा डिझेलची नळी क्लिपने आवळून कधीही लावू नये. पोलादी जाळीचा पाइप घेतल्यास वर प्लॅस्टिकचे आवरण असावे.

बसवताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि गाडी दाबून पाहावे. पाइप ताणता, पिळता किंवा टायरला घासता कामा नये. टोकाच्या दोन्ही बाजूंस तांब्याचे नवे वायसर घालावेत.

टाकीच्या झाकणावर लिहिलेलेच ब्रेक ऑइल भरावे. इंजिन ऑइलने आतील रबर फुगते. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, म्हणून बरेच दिवस उघडा राहिलेला डबा वापरू नये. रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

शेवटी हवा पूर्ण काढावी. ब्रेक मिनिटभर घट्ट दाबून धरावा. तो स्पंजासारखा लागला किंवा सांध्यावर ओल दिसली, तर गाडी रस्त्यावर नेऊ नये.