वॉकीटॉकीतील ‘प्रायव्हसी कोड’: एका फसव्या नावाचा इतिहास

यवतमाळच्या जुन्या नॅरोगेज स्थानकाची सांकेतिक अक्षरे वायटीएल, मूर्तिजापूरची एमझेडआर. आज अशी अक्षरे आपल्याला तिकिटावर आणि आरक्षणाच्या ॲपवर दिसतात. मात्र या प्रथेचे मूळ तारायंत्रात आहे. एकाच तारेवर अनेक स्थानके जोडलेली असत. कोणीही कळ दाबली की तिचे ‘कडकट्ट’ सर्व स्थानकांत एकाच वेळी वाजे. प्रत्येक तारबाबू ते सारे ऐकत असे आणि आपल्या स्थानकाची अक्षरे ऐकू आली की तेवढा उत्तर देई. निवड करण्याचे काम तारेकडे नव्हते, ते बाबूच्या कानाकडे होते.

पुढे टेलिफोन आला आणि रेल्वेच्या नियंत्रण कक्षाने हे निवडीचे काम यंत्रावर सोपविले. नियंत्रकाने विशिष्ट संकेत पाठविला की त्या एकाच स्थानकातली घंटा वाजे, बाकीची स्थानके शांत राहत. पण तारांची जोडी सर्वांना सामाईकच होती. घंटा न वाजलेल्या स्थानकातील मास्तराने रिसीव्हर उचलला, तर त्याला संपूर्ण संभाषण ऐकू येई. ही गोष्ट कृपया लक्षात ठेवावी. आजच्या धाग्यातील सारा वाद तिच्याभोवती फिरतो.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत पोलीस, टॅक्सीवाले, बांधकाम कंपन्या असे अनेकजण दुतर्फा रेडिओ वापरू लागले. वाहिन्या थोड्या आणि बोलणारे फार. टॅक्सीचालकाला दिवसभर परक्या कंपनीचे ट्रक आणि सिमेंट यांच्याविषयीचे बोलणे कानावर घ्यावे लागे. यावर उपाय निघाला तो मोठा चतुर होता. बोलण्याबरोबर एक मंद, खर्जातला स्वर अखंड पाठवायचा. ऐकणाऱ्या संचाने तो स्वर ओळखला तरच आपला स्पीकर उघडायचा. अन्यथा गप्प राहायचे. हे स्वर साधारण ६७ ते २५० हर्ट्झ या पट्ट्यातील असतात. रेडिओवरील बोलणे सुमारे ३०० हर्ट्झच्या वरच पाठविले जाते, त्यामुळे संच तो स्वर गाळून टाकतो आणि आपल्याला तो जाणवतही नाही. तंत्रज्ञ याला सीटीसीएसएस म्हणतात.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे खरा रस वाटावा तो नावांत. तंत्र एकच, पण तीन कंपन्यांनी त्याची तीन बारशी केली. मोटोरोलाने त्याला ‘प्रायव्हेट लाइन’ म्हटले, जनरल इलेक्ट्रिकने ‘चॅनेल गार्ड’ आणि आरसीएने ‘क्वाएट चॅनेल’. पहिले नाव खासगीपणाचे आश्वासन देते, दुसरे पहाऱ्याचे, तिसरे केवळ शांततेचे. माझ्या मते प्रामाणिक नाव तिसरेच होते. या तंत्राने आपले बोलणे कोणापासूनही लपत नाही. ज्याने आपला स्वर-कुलूप बंद ठेवला आहे, अशा कोणालाही ते स्वच्छ ऐकू येते. आपल्याला मिळते ती फक्त इतरांच्या बोलण्यापासून सुटका. बाजारात मात्र पहिल्या नावाचा वंश वाढला. आज स्वस्त वॉकीटॉकीच्या खोक्यावर ‘३८ प्रायव्हसी कोड’ असे दिमाखाने छापलेले असते, ते त्याच घराण्यातले.

नाव फसवे असले म्हणून काय बिघडले, असे कोणी विचारील. म्हणून एक अनुभव सांगतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही तिघे मित्र ‘शकुंतले’च्या बंद पडलेल्या मार्गालगत दारव्हा मोतीबागेकडून यवतमाळच्या दिशेने चालत होतो. जुन्या इमारती, मोऱ्या, मैलांचे दगड यांची छायाचित्रे घ्यायची होती. मोबाइलला रेंज जेमतेम. हाताशी विनापरवाना चालणारे छोटे संच होते (भारतात २०१८ पासून ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा अल्पशक्ती संचांना खुला आहे). दोन संच एका बनावटीचे, तिसरा दुसऱ्या. मी ऐटीत जाहीर केले, ‘सगळ्यांनी कोड १२ लावा.’

तिसरा मित्र एका मोरीपाशी पाय मुरगळून बसला आणि अर्धा तास आम्हाला हाका मारीत राहिला. आमचे संच शांत होते. आम्हाला वाटले, स्वारी छायाचित्रांत रमली आहे. नंतर माहितीपत्रके ताडून पाहिली तेव्हा उलगडा झाला. आमच्या संचात बारावा कोड म्हणजे १००.० हर्ट्झ, त्याच्या संचाच्या यादीत ६९.३ हर्ट्झचा एक स्वर अधिक असल्याने सारे क्रमांक एकाने सरकले होते, आणि त्याचा बारावा म्हणजे ९७.४. त्याच्या लहरी आमच्या अँटेनापर्यंत नक्कीच पोहोचत होत्या. संच त्या ऐकतही होता. मी लावलेल्या कुलपामुळे आम्हाला ऐकू देत नव्हता, एवढेच. (जाता जाता: १०० हर्ट्झ ही निवडही वाईटच. आपल्या घरची वीज ५० हर्ट्झची. खराब पॉवर सप्लायची गुणगुण नेमकी तिच्या दुपटीवर येते आणि एखादा संच तिलाच आपला स्वर समजू शकतो.)

परवानाधारक हौशी रेडिओचालक, ज्यांना आपण हॅम म्हणतो, ते हे तंत्र सरसकट वापरतात आणि त्यांचे कारण योग्य आहे. उंच टेकडीवरचा रिपीटर दूरच्या संचाचे क्षीण बोलणे उचलून पुन्हा जोरकसपणे प्रसारित करतो. त्याच वारंवारतेवर दूरच्या शहरात दुसरा रिपीटर असेल, तर दोहोंची गल्लत टाळायला वेगवेगळे स्वर लागतात. काहीजण टेलिफोनच्या बटणांचे दुहेरी स्वर, म्हणजे डीटीएमएफ, वापरून एखाद्याच मित्राचा संच जागा करतात. ही सोय आहे, शिस्त आहे. ती गुप्तता मात्र नव्हे, आणि असूही नये. कारण हौशी सेवेत बोलणे साध्या, उघड भाषेत असावे आणि बोलणाऱ्याने आपले कॉलसाइन सांगावे, हा नियमच आहे.

या नियमामागे भारतात एक जुने भयही आहे. १९३३ च्या कायद्याने परवान्यावाचून बिनतारी संच बाळगणे हाच गुन्हा ठरला. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हौशी परवाने थांबविले गेले. तरीही १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ चालविला. जागा सतत बदलत त्यांनी तो नोव्हेंबरातील अटकेपर्यंत टिकविला. त्यांना देशाने ऐकावे अशी इच्छा होती, आणि पोलीसही ऐकत होते. एकदा लहर आकाशात सोडली की श्रोता कोण असावा हे ठरविण्याचा अधिकार आपल्याकडे उरत नाही. हे ज्यांनी जिवावर उदार होऊन ओळखले, त्यांच्या देशात आपण खोक्यावरच्या ‘प्रायव्हसी’वर विसंबावे, याची मला गंमत वाटते आणि थोडी चीडही येते.

चीड येण्याचे कारण आपल्याच जिल्ह्यात आहे. २२ जुलै २०२३ रोजी अतिवृष्टीने महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पुराने वेढले आणि वायुसेनेची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. अशा वेळी ज्याच्या हाती एखादा संच असेल, त्याला आपला कोड ठाऊक असेलच असे नाही. तो नुसता बोलेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी रेडिओचालक संच घेऊन धावून गेले, ते उपयोगी पडले, कारण अनोळखी आवाज ऐकण्याची त्यांना सवय होती. अलीकडे इतिहासप्रेमी आणि भटक्या मंडळींत वॉकीटॉकीची हौस वाढली आहे, हे चांगलेच. पण प्रथम संच कोणत्या पट्ट्यातला आहे ते पाहावे. पुष्कळ संचांना परवाना लागतो, आणि अशा संचांच्या ऑनलाइन विक्रीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये नोटिसाही काढल्या आहेत.

दुसरे असे की, बोलण्यापूर्वी मॉनिटरचे बटण दाबून वाहिनी मोकळी आहे का ते ऐकावे. स्वर लावलेला असला की शांतता खोटी असू शकते; आपण बटण दाबतो आणि कोणाचे तरी बोलणे मध्येच तोडतो. गर्दीच्या मेळ्यात, शहरात, रिपीटरवर स्वर जरूर वापरावा. डोंगरात, नदीकाठी, पावसाळ्यात निदान एक संच स्वराविना उघडा ठेवावा. खरखर होईल, परक्यांची बडबड ऐकावी लागेल. तारबाबूने ती आयुष्यभर ऐकली.

पाय मुरगळलेला मित्र आठवड्याभरात बरा झाला. आमच्या तिन्ही संचांच्या पाठीवर त्याने आता चिकटपट्टी लावली असून तिच्यावर ठळक अक्षरांत ‘कोड: ००’ असे लिहिले आहे. बहुतेक संचांत शून्य म्हणजे स्वर बंद. लाडखेडपुढचा मार्ग अद्याप पाहायचा राहिला आहे, दिवाळीनंतर निघू.