ट्रकला दुसरी बॅटरी हवी, पण जोडायची कशी?



वाशीच्या बाजारसमितीबाहेर किंवा न्हावाशेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्री ओळीने उभे असलेले ट्रक तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. आपली पाळी येईपर्यंत चालक केबिनमध्येच झोपतो. उकाड्यात त्याला निदान एक पंखा हवा, दिवा हवा, मोबाइल चार्ज करण्याची सोय हवी. इंजिन बंद असल्यामुळे हा सारा भार बॅटरीवर पडतो आणि सकाळी इंजिन सुरू करायचे तेही त्याच बॅटरीने. चालकाची झोप आणि सकाळचा स्टार्टर ही दोन्ही कामे एकाच बॅटरीवर सोपवणे चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण दुसरी बॅटरी आणून दोन तारांनी कशीतरी जोडून टाकणे हेही तितकेच चुकीचे आहे. या दोन्ही गोष्टी तुमच्या पाठ्यपुस्तकातील ओहमच्या नियमाने पडताळून पाहता येतात.

आधी एक छोटे गणित करू. आकडे सोपे राहावेत म्हणून १२ व्होल्टची लहान मालवाहू गाडी घेऊ. स्टार्टर सुमारे ३०० अँपिअर प्रवाह ओढतो. पण किती वेळ? इंजिन ठीक असेल तर तीन सेकंद पुरतात. म्हणजे ३०० गुणिले ३, एकूण ९०० अँपिअर-सेकंद. एका तासात ३६०० सेकंद असतात, तेव्हा हा खर्च झाला अवघा पाव अँपिअर-तास. आता २४ वॅटचा पंखा घ्या. तो फक्त २ अँपिअर घेतो, पण आठ तास चालतो. खर्च झाला १६ अँपिअर-तास. ज्याच्या नुसत्या आवाजाने बोनेट हादरते त्या स्टार्टरपेक्षा, कुणाच्या लक्षातही न येणारा पंखा चौसष्टपट विद्युत्‌भार खर्च करतो! मोठा प्रवाह आणि मोठा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येईल.

१०० अँपिअर-तासांच्या नव्या बॅटरीला एका रात्रीचे १६ जड नाहीत. पण बॅटरी तीन वर्षांची जुनी झालेली असते, तिची क्षमता निम्म्यावर आलेली असते आणि रांगेत दोन-तीन रात्री जातात. मग सकाळी गाडी सेल्फ घेत नाही. भरलेला ट्रक धक्का मारून सुरू करणे किती अवघड, हे सांगायला नकोच. म्हणून कित्येक चालक पंखा बंद करून घामात झोपतात, नाहीतर इंजिन चालू ठेवून झोपतात आणि एक पंखा फिरवण्यासाठी रात्रभर डिझेल जाळतात.

दुसरे कारण बॅटरीच्या रचनेत आहे. स्टार्टरसाठीच्या शिसे-आम्ल बॅटरीत पातळ आणि पुष्कळ पट्ट्या असतात. पृष्ठफळ जास्त, म्हणून क्षणात मोठा प्रवाह मिळतो. पण अशी बॅटरी वारंवार खोलवर उतरवली, तर पट्ट्यांवरचा क्रियाशील थर सुटू लागतो आणि शिशाचे सल्फेट घट्ट बसते. रोज हळूहळू उतरण्यासाठी जाड पट्ट्यांची बॅटरी वेगळी बनवतात. धावपटू आणि हमाल दोघांचेही पाय भक्कम असतात, पण एकाचे काम दुसऱ्याला देऊ नये.

तर मग दुसरी बॅटरी घेतली. तुम्ही म्हणाल, "सर, धन टोक धन टोकाला आणि ऋण टोक ऋण टोकाला जोडले की झाले; समांतर जोडणी आम्हाला येते." नेमकी इथेच गफलत होते. पुस्तकातले घट सारखे असतात, गाडीतल्या बॅटऱ्या सारख्या नसतात. कायमच्या समांतर जोडलेल्या दोन बॅटऱ्या रात्री बरोबरच उतरतात. मग सकाळसाठी राखून ठेवलेले काय उरले? सकाळी तर आणखी एक संकट उभे राहते. सेल्फ मारताना मुख्य बॅटरीच्या टोकांवरचा दाब, समजा, १० व्होल्टपर्यंत खाली येतो. दुसरीचे विद्युत्‌गामक बल १२.४ व्होल्ट आहे. मधल्या तारेचा रोध आणि दुसऱ्या बॅटरीचा अंतर्गत रोध मिळून ०.०२ ओहम धरा. २.४ भागिले ०.०२, म्हणजे १२० अँपिअर! हा प्रवाह पंख्यासाठी टाकलेल्या बारीक तारेतून जाऊ लागला, तर तिचे वेष्टन वितळायला वेळ लागणार नाही.

म्हणून दोन बॅटऱ्यांचा नियम असा: चार्ज होताना एकत्र, खर्च होताना वेगळ्या. एकत्र कुटुंबात कमाई एका घरात यावी, पण प्रत्येकाच्या खर्चाची पेटी निराळी असावी, तसेच हे. त्यासाठी मध्ये एक रिले बसवतात. इंजिन चालू झाले, अल्टरनेटरमुळे दाब सुमारे १३.३ व्होल्टच्या वर गेला, की रिले दोघींना जोडतो. इंजिन बंद होऊन दाब सुमारे १२.८ च्या खाली आला, की त्यांना तोडतो. मग रात्रभर पंखा चालला तरी मुख्य बॅटरीला त्याचा पत्ताही नसतो. डायोड वापरूनही हे साधते, पण सिलिकॉन डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट खर्च होतात आणि बॅटरी पूर्ण भरत नाही. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटरचा दाब संगणक कमीजास्त करतो. तिथे साधा रिले फसतो आणि वेगळा चार्जर बसवावा लागतो.

फ्यूजबद्दलही सांगतो. बॅटरीचा अंतर्गत रोध ०.००५ ओहम असेल, तर तिची टोके थेट जोडली गेल्यास अडीच हजार अँपिअर प्रवाह वाहू शकतो. दोन बॅटऱ्यांमधल्या तारेला तर दोन्ही टोकांना उगम आहेत. म्हणून फ्यूजही दोन हवेत, प्रत्येक बॅटरीच्या अगदी जवळ एकेक. शिवाय शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते. तेव्हा झोपण्याच्या फळीखालची बंद पेटी ही बॅटरीची जागा नव्हे.

"पण मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या असतातच की!" असेही कोणी म्हणेल. त्या एकसर जोडून २४ व्होल्ट करतात. दोन डब्यांतली ती एकच बॅटरी समजा. त्यांच्यातल्या एकीवरूनच १२ व्होल्टचा पंखा किंवा रेडिओ चालवण्याची पद्धत सर्रास दिसते. परिणाम पाहा. खर्च एकीचाच होतो, पण एकसर जोडणीत चार्जिंगचा प्रवाह दोघींतून सारखाच जातो. एक कायम अर्धपोटी राहते, तर दुसरीला अजीर्ण होऊन तिचे पाणी उडते. थोड्याच दिवसांत दोन्ही निकामी होतात आणि दोष बॅटरीच्या कंपनीला दिला जातो! २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावला की हे टळते.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा आपल्या देशात सक्तीची झाली आहे. हा नियम स्वागतार्हच आहे. पण या यंत्रणेचा कॉम्प्रेसर सामान्यतः इंजिनवर चालतो. इंजिन थांबले की गारवाही थांबतो. चालक गाडी चालवतो तेव्हा त्याची सोय झाली, झोपतो तेव्हाची राहिली. झोप न झालेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर असतो ज्यावरून तुमची शाळेची बस जाते. म्हणून विश्रांतीसाठीची वेगळी बॅटरी, तिचा रिले आणि फ्यूज कारखान्यातूनच बसवून यावेत, असे मला वाटते. हे काम रस्त्याकडेच्या तात्पुरत्या जोडणीवर सोडू नये.

शिक्षक बंधुभगिनींनाही एक विनंती आहे. समांतर जोडणी शिकवताना एकदा तरी असमान घटांचे उदाहरण द्यावे. एक नवा आणि एक वापरलेला कोरडा घट घ्या. प्रत्येकाचे विभवांतर आधी नुसते मोजा, मग टॉर्चचा बल्ब जोडून पुन्हा मोजा. जुन्या घटाचा आकडा किती घसरतो ते मुलांना वहीत लिहू द्या. अंतर्गत रोध म्हणजे काय, हे मग वेगळे समजावावे लागणार नाही. ट्रकच्या बॅटरीवर मात्र हा प्रयोग कोणीही करू नये.