तापीकाठचे थाळनेर

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात, तापीच्या उत्तर काठावर थाळनेर आहे. एसटीतून उतरणाऱ्याला ते शेतीवाडीचे साधे गाव वाटते. पण सहाशे वर्षांपूर्वी खानदेशचा कारभार इथून चालत असे.

१३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाने हा मुलूख मलिक राजा फारुकी यांना दिला. पुढे दिल्ली दुबळी झाली तसे ते स्वतंत्र झाले. खुल्दाबादचे सूफी शेख जैनुद्दीन शिराजी यांचे ते मुरीद. १३९९ मध्ये त्यांचा इंतकाल झाला आणि दफन थाळनेरलाच झाले.

थोरला मुलगा नसीर खान याने असीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसवले आणि त्या शहराला शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव दिले. थाळनेर मात्र धाकट्या भावाच्या, मलिक इफ्तिखारच्या वाट्याला आले होते. १४१७ मध्ये नसीरने माळव्याच्या सुलतानाची मदत घेऊन तेही हिसकावले. बापाने केलेली वाटणी मुलांना पटू नये, ही घरोघरची गोष्ट राजवाड्यातही घडली. गादी बुऱ्हाणपूरला रमली, थाळनेर मागे पडले. पण १४३७ मध्ये नसीरला दोन गज जमीन मिळाली ती त्याच गावात, बापाजवळ.

नंतर मोगल आले, मराठे आले. फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रज सेनापती हिस्लॉपने नदीकाठचा किल्ला घेतला. दरवाजातल्या गोंधळात दोन इंग्रज अधिकारी पडले. त्याच्या सुडात सुमारे तीनशे शिपाई कापले गेले आणि होळकरांच्या किल्लेदाराला फाशी झाली. नि:शस्त्र होऊ पाहणाऱ्यांना मारले का, हा सवाल विलायतेच्या पार्लमेंटातही उठला.

याच गावाने पुढे एक गोड देणे दिले. लता मंगेशकरांच्या आईचे माहेर थाळनेर.

आज किल्ल्याचा बराच भाग ढासळला आहे. फारुकींचे मकबरे ऊन-पाऊस सोसत उभे आहेत. त्यातला एक अष्टकोनी, नक्षीदार आहे. आपल्या मुलांना ताजमहाल कोणी बांधला हे पाठ असते. पण खानदेशवर दोनशे वर्षे राज्य करणाऱ्या घराण्याचे नाव जळगाव-धुळ्यातल्या किती मुलांना सांगता येईल? पुढच्या सुट्टीत त्यांना तापीकाठी घेऊन जा. फातिहा पढा, दगडावर नावे कोरू देऊ नका, आणि त्या दोन भावांची गोष्ट जरूर सांगा. घरात वाटणीचा विषय निघेल, तेव्हा ती उपयोगी पडेल.