पडदा आला, पण लेखणी कोणाच्या हाती?

नांदेड आणि लातूर ह्या दोन जिल्ह्यांतील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांचे रूप गेल्या दहा वर्षांत पुष्कळ पालटले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. फळा, खडू आणि भिंतीवरचा जीर्ण नकाशा एवढाच जेथे सरंजाम असे, तेथे आज कोठे प्रक्षेपक आहे, कोठे मोठा दूरचित्रवाणी संच आहे, कोठे कपाटात टॅबलेट आहेत. हा सरंजाम सगळाच सरकारने दिलेला आहे, असे मात्र कोणी समजू नये. २२ जून २०१५ रोजी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला आणि त्यानंतर गावोगाव लोकवर्गणी उभी राहिली. तो काळ मराठवाड्यातल्या दुष्काळाचा होता. लातूर शहरास २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा दिवसांत इकडच्या शेतकऱ्यांनी व शेतमजुरांनी शाळेसाठी पदरमोड केली, आणि शिक्षकांनी आपल्या पगारातून तीत भर घातली. म्हणून ह्या पैशाचा हिशेब विचारण्याचा अधिकार गावास आहे. त्याच्या वतीने तो आज आम्ही विचारीत आहो.

हिशेब असा की, पडद्याने मुलांस दाखविले पुष्कळ. मुलांकडून लिहवून घेतले फार थोडे. कविता रंगीत झाली, तिला चाल लागली, वाघ हलू-बोलू लागला. पूर्वी मुले फळ्याकडे पाहत बसत, आता पडद्याकडे पाहत बसतात. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीची जेमतेम २७ टक्के मुले दुसरीचा उतारा सरळ वाचू शकतात. त्याच पाहणीत चौदा ते सोळा वर्षांच्या १०० मुलांपैकी ८२ मुलांस स्मार्टफोन चालविता येतो, असे आढळले. त्यांपैकी आधल्या आठवड्यात शिक्षणाच्या कामासाठी तो हाती घेणारी ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी घेणारी ७६ टक्के! यंत्र चालविण्यास मुलांस कोणी शिकवावे लागत नाही. त्याचे करावयाचे काय, हे मात्र शिकवावे लागते, आणि ते शिकविण्याची जागा प्राथमिक शाळाच आहे.

यंत्र आणले की विद्या आलीच, ही समजूत इतर देशांनीही मोठी किंमत देऊन पारखून पाहिली आहे. पेरू देशाने आपल्या शाळांतील मुलांस आठ लाखांहून अधिक लहान संगणक वाटले. २०१२ मध्ये त्याचे मूल्यमापन प्रसिद्ध झाले, तेव्हा भाषेत आणि गणितात मुलांची प्रगती त्यामुळे वाढल्याचे आढळले नाही. तेच संगणक २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, खैराट ह्या लहानशा वस्तीवरील एकशिक्षकी शाळेतही आले होते. त्या वेळी त्याचे केवढे कौतुक झाले! आज किती जणांस त्याचे नाव आठवते? २०२३ मध्ये युनेस्कोने आपला जागतिक शिक्षण अहवाल ह्याच विषयास वाहिला आणि हे साधन नेमके कोणाच्या अटींवर वापरले जात आहे, असा सवाल टाकला. आमचाही सवाल तोच आहे, फक्त तो किनवट, मुखेड, जळकोट आणि देवणी येथला आहे.

ह्यावरून पडदे उतरवून ठेवा, असे आम्ही म्हणत नाही. शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथे संदीप गुंड ह्यांनी, आणि माढा तालुक्यातील परितेवाडी येथे रणजितसिंह डिसले ह्यांनी जे करून दाखविले, ते महाराष्ट्रास अभिमानास्पद आहे. डिसले ह्यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि दहा लक्ष डॉलरांच्या त्या पारितोषिकातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. ते औदार्य आम्ही विसरू शकत नाही. परंतु ह्या उदाहरणांतून आपल्या शिक्षणखात्याने उचलले काय? उचलली ती साधने. त्या साधनांमागे उभा असलेला, आपल्या मुलांस ओळखणारा मोकळा शिक्षक मात्र उचलला नाही.

मुलाचे लिहिणे वर्गाबाहेर पोहोचले की त्याच्या लिहिण्यास धार येते, ही गोष्ट संगणकाहून जुनी आहे. फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने ह्या खेड्यातील शिक्षकाने १९२४ मध्ये वर्गात एक लहानसे छापयंत्र आणले. मुले आपल्या गावच्या गोष्टी लिहीत, स्वतः खिळे जुळवीत, छापीत आणि दूरच्या शाळेतील मुलांस पाठवीत. तिकडून उत्तरे येत. इकडे अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत होते. भित्तिपत्रक आणि वार्षिक हस्तलिखित तर आपल्याकडील कित्येक शाळांची जुनी परंपरा आहे. शाळेची अनुदिनी म्हणजे त्याच भित्तिपत्रकास पाय फुटणे होय. आपल्या शिक्षकांनी अनुदिन्या काढल्या नाहीत असे नाही. अनेकांनी हौसेने काढल्या. पण त्या उघडून पाहाव्यात तर शासन निर्णय, नोंदींचे नमुने आणि प्रश्नसंच! मुलाने लिहिलेल्या चार ओळी त्यांत शोधाव्या लागतात.

आणि आमच्या ह्या दोन जिल्ह्यांतील मुलांजवळ सांगण्यासारखे किती आहे! धर्माबाद, बिलोली, देगलूरकडील कित्येक घरांत तेलुगू बोलली जाते. देवणी, निलंगा, उदगीरच्या सीमेवर कानडी येते. तांड्यांवर गोरमाटी, किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी, नांदेड शहरात उर्दू आणि पंजाबी. पडद्यावर येणारी मराठी मात्र एकाच ठशाची, पुण्या-मुंबईची. निजामी राजवटीत परक्या माध्यमातून शिकण्याची सक्ती काय असते हे मराठवाड्याने सोसले आहे; मातृभाषेतील राष्ट्रीय शाळांसाठी स्वामी रामानंद तीर्थांसारख्या माणसांनी येथे आयुष्य वेचले. त्याच मराठवाड्यातील तांड्यावरच्या मुलास आपली बोली शाळेच्या उंबरठ्याबाहेर ठेवून आत यावे लागत असेल, तर ते आम्हांस शोभत नाही. फोनमधील ध्वनिमुद्रण ही मोठी सोय आहे. आजीची गोष्ट मुलाने तिच्याच बोलीत मुद्रित करावी, वर्गात ती ऐकावी, मग सर्वांनी मिळून ती मराठीत लिहावी. ह्यास नवा निधी लागत नाही.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. दिवाळी झाली की मुखेड, कंधार, लोहा, जळकोट ह्या भागांतून मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ज्यांस हंगामी वसतिगृह मिळत नाही किंवा मानवत नाही, ती मुले आईबापांमागे जातात आणि चार-पाच महिने फडात आणि कोपीत काढतात. हजेरीपत्रकावर त्यांचे नाव राहते, वर्गात त्यांची जागा राहत नाही. बापाच्या खिशात मात्र फोन असतो. करोनाकाळात शाळा बंद पडल्या तेव्हा २०२० च्या जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका दाखविली गेली, गुरुजींनी फोनवरून गृहपाठ पाठविले. जे सर्वांसाठी तेव्हा, अपुरे का होईना, जमले, ते ह्या मुलांसाठी दर हंगामात का जमू नये? कारखान्याच्या तळावरून मुलाने आठवड्यास चार ओळी वर्गास कळवाव्यात, गाडीत किती मोळ्या बसतात ते सांगावे, आणि वर्गाने त्याच मोळ्यांवर गुणाकार करावा. असे मूल परतल्यावर पुन्हा वर्गात रुळण्याची आशा तरी राहील.

पण लातूर आणि नांदेडचे सारे लक्ष बारावीकडे! 'लातूर पॅटर्न'ने ह्या भागास नाव मिळवून दिले, हे खरे. सराव परीक्षांची अखंड मालिका ही त्याची पद्धत, आणि सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यास ती लाभतही असेल. तीच पद्धत आता पडद्यावाटे चौथीपर्यंत उतरू लागली आहे. चार पर्यायांपैकी एकावर बोट ठेवणे म्हणजे शिक्षण, असे दहा वर्षांच्या मुलास वाटू लागले तर पुढे त्याला स्वतःचे एक वाक्य लिहिता येईल काय?

ह्यात शिक्षकास दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. वस्तुस्थिती अशी की दोन शिक्षक आणि चार वर्ग ही कित्येक खेड्यांतील नित्याची व्यवस्था आहे. त्या दोघांपैकी एकाचा फोन अखंड सरकारी चाकरीत असतो. पोषण आहाराची रोजची नोंद, 'सरल', 'यू-डायस', कसल्यातरी दिनाची छायाचित्रे! २०१६ मध्ये तर मुलांसह सेल्फी काढून धाडण्याचे फर्मान निघाले होते. बोभाटा झाला आणि ते बारगळले. ज्या साधनाने मुलांचा शब्द बाहेर जावयाचा, त्याच साधनाने सरकार शिक्षकाचा वेळ आत ओढून घेत आहे. शिवाय विजेचे देयक थकले की जोडणी तुटते. सादिलाच्या तुटपुंज्या रकमेतून ते भागवावे, अशी अपेक्षा करणाऱ्यांनी एक वर्ष शाळा चालवून दाखवावी.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. नांदेड आणि लातूर जिल्हा परिषदांनी शाळांचे वीजदेयक मध्यवर्ती पद्धतीने थेट भरावे. माहिती भरण्याचे काम केंद्रशाळेवर स्वतंत्र माणूस नेमून त्याच्याकडे द्यावे. आठवड्यातील दोन तास असे ठेवावेत की त्या वेळी पडद्यावर बाहेरचे काहीही लागणार नाही. लागेल ते मुलांनी लिहिलेले, बोललेले, मुद्रित केलेले. ते गावाबाहेर प्रसिद्ध करताना मुलांची पूर्ण नावे आणि चेहरे देऊ नयेत. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अल्पवयीनांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे, ह्याचे भान शाळांनी ठेवावे. आणि येत्या दिवाळीनंतर ऊसतोडीस जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकाचा फोन क्रमांक वर्गशिक्षकाने गाडी सुटण्यापूर्वी लिहून घ्यावा. जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीने पहिल्या पंधरवड्यातच किती मुलांशी बोलणे झाले, हे विचारावे. आम्हीही विचारणार आहो.